नवीन वस्तीसाठी महापालिकेला उभं राहू का? बेळगावकरांनो, खरं काय ते सांगा

वडगावची_सून

नमस्कार सगळ्यांना. वडगावच्या पलीकडं शिवाराला लागून जी नवी वस्ती झालीय तिथं मी राहते, ११ वर्षं झाली, घरी शिकवणी घेते. आमच्या दुसऱ्या क्रॉसला गटार अर्ध्यावर येऊन थांबलंय, पुढं नुसता मातीचा चर, आणि पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की ते पाणी उलटं आमच्याकडंच येतंय. २०१९ च्या ऑगस्टात हॉलमध्ये गुडघाभर पाणी होतं, तांदळाची पोती आम्ही जिन्यावर चढवून ठेवलेली.

पण डोक्यात बसलंय ते गेल्या जुलैचं. शिकवणीला येणारी तिसरीतली पोरगी चरात पडली, एक चप्पल आतच राहिली, ओल्या फ्रॉकनं येऊन पाटी काढून बसली. रडली नाही. टीचर आमच्याकडं रोज असंच असतंय म्हणाली. त्या रात्री मिस्टरांना म्हटलं की मी उभी राहणार, ते म्हणाले रहा की, सासूबाई मात्र दोन दिवस बोलल्या नाहीत.

एका ऑफिसात गेले तर म्हणतात हे आमच्याकडं येत नाही, दुसऱ्यात गेले तर पुन्हा पहिल्याकडंच जा म्हणतात. आता विचारायचं म्हणजे, पक्षाकडनं जावं का महाराष्ट्र एकीकरण समितीकडनं का अपक्ष? पैसा किती लागतो? आणि मला कन्नड बोलता येतंय, वाचताना अडखळते, त्यानं अडेल का?

अनगोळचा_बंड्या

वहिनी मी २०२१ ला अपक्ष उभा होतो आणि पडलो, म्हणून अनुभवाचंच सांगतो. आपल्याकडं महापालिकेची निवडणूक वर्षानुवर्षं मराठी, कन्नड, उर्दू अशा भाषेच्या गटांवरच व्हायची, पक्षांची चिन्हं पहिल्यांदा २०२१ मध्येच आली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपनं घेतल्या. त्यामुळं आता गल्लीत सुद्धा लोक आधी चिन्ह विचारतात. तरीपण वॉर्ड लहान असतोय हे विसरू नका, २०११ च्या जनगणनेत शहर ४ लाख ९० हजारांच्या आसपास होतं, ५८ नं भागा, एका वॉर्डात आठ साडेआठ हजार माणसं, त्यात लहान पोरं धरून. वस्ती वाढलीय तरी एवढी घरं एक बाई सहा महिन्यात पायी फिरू शकते. मी शेवटचे १५ दिवस गाडीवर स्पीकर लावून फिरलो, तिथंच चुकलो. लोकांनी हात केला, मत दिलं नाही, कारण त्यांच्या दारात बसून चहा प्यायला मी कधी गेलोच नव्हतो.

पैशाचं म्हणाल तर आकडा सांगत नाही, पण कर्ज काढून लढू नका, मी काढलं आणि बायकोच्या पाटल्या सोडवायला दोन वर्षं गेली. आणि वॉर्डाचं आरक्षण जाहीर होईस्तोवर पोस्टर छापू नका. कर्नाटकात निम्म्या जागा बायकांना आहेत, पण तुमचा वॉर्ड कुठल्या गटात पडेल ते सरकारची यादी आल्यावरच कळतंय.

निवृत्त_काका

माझी सगळी नोकरी नगरविकासच्या कामात गेली म्हणून थोडं लांब लिहितो, वाचा ताई.

आधी तुमचा लेआऊट कुणाचा ते बघा. बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा मंजूर लेआऊट असेल आणि तो महापालिकेकडं हस्तांतर झाला नसेल तर तिथल्या गटारावर महापालिकेला खर्च टाकता येत नाही. शेतजमीन एनए म्हणजे बिगरशेती न करता गुंठ्यानं प्लॉट पाडलेले असतील तर आणखी अवघड. आणि हद्दीच्या बाहेर असाल तर मग ग्रामपंचायत, तिथं नगरसेवकाचा संबंधच नाही. तुम्हाला दोन ऑफिसांनी फिरवलं त्याचं मूळ बहुतेक इथंच आहे. उताऱ्याची आणि हस्तांतराच्या पत्राची नक्कल लेखी अर्जानं मागा, माहिती अधिकारात मिळते. निवडून आला तरी या कागदाशिवाय एस्टिमेट होत नाही, एस्टिमेट नाही तर टेंडर नाही.

नियमाचं म्हणाल तर वय २१ पूर्ण, शहराच्या मतदार यादीत नाव, अर्जावर नाव सुचवून सही करणारा सूचक त्याच वॉर्डातला, घरपट्टी थकलेली नको. ती एप्रिलमध्येच भरा, ५ टक्के सूटही मिळते. खर्चाचा हिशोब पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा, निवडून या नाहीतर पडा, द्यावाच लागतो.

सभागृहात चार स्थायी समित्या असतात, कर-अर्थ, आरोग्य, नगररचना आणि लेखा. महापौरपद एकाच वर्षाचं, सगळे त्याच्या मागं लागतात. तुम्ही आरोग्य समिती मागून घ्या, कचरा आणि गटार सफाईचा विषय तिथं येतो.

आणि धीर ठेवा. २०२१ च्या सप्टेंबरात निकाल लागला आणि महापौर निवड झाली २०२३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे निवडून आलेली माणसं १७ महिने सभागृहाबाहेर. त्या काळात ज्यांनी वॉर्डात रोज चक्कर मारून इंजिनिअरला सोबत नेऊन खड्डा दाखवला त्यांची कामं थोडीफार झाली, बाकीचे वाट बघत बसले.

शहापूरची_पोर

कन्नडचं मी सांगते ताई. विषयपत्रिका आणि ठराव कन्नडमध्ये येतात, मराठीत मिळावेत ही आपली मागणी आहेच आणि सभागृहात ती करत रहायचीच, ती सोडून द्यायला मी मुळीच सांगणार नाही. पण तोवर कागद वाचता आला नाही तर दुसरा सांगेल त्यावर हात वर करावा लागतो. मी दोन पावसाळ्यात वाचायला शिकले, घरपट्टीची पावती आणि बसची पाटी वाचत वाचत. आणि तुमच्या क्रॉसला कन्नड घरं असतीलच की, पाणी त्यांच्याही घरात येतंय, त्यांच्या दारात आधी जा, त्यांच्या भाषेत बोला. पक्ष नंतर ठरवा.

वडगावची_सून

सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचं तर दोनदा वाचलं. आज उतारा काढून बघितला, लेआऊट बुडाचाच आहे, हस्तांतर झालंय का त्याचा अर्ज सोमवारी टाकते. समोरच्या कन्नड अज्जींना दुपारी विचारलं शिकवाल का, त्या म्हणाल्या रोज संध्याकाळी ये, बदल्यात माझ्या नातवाचं गणित घे. वही केलीय, पहिल्या पानावर दुसऱ्या क्रॉसची १४ घरं लिहिली, कुणाच्या दारात किती पाणी आलं ते त्यांच्याच तोंडून लिहून घेणार. त्या पोरीच्या घरापासून सुरू करते. बंड्यादादा, रविवारी अनगोळला येणार आहे, तुमच्या वेळची मतदार यादी असेल तर बघायला द्याल का?