बीडीएसनंतर अमेरिकेत एमपीएच: कॉन्सन्ट्रेशन, वेस-सोफास आणि पर्याय

दातकोरणी_नाशिक
नमस्कार मंडळी. बीडीएसची इंटर्नशिप या मार्चमध्ये संपतेय, पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टसाठी अमेरिकेत एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) अर्ज करायचा आहे. ओढा एपिडेमिऑलॉजीकडे (रोगांच्या प्रसाराचा आणि कारणांचा अभ्यास), पण काही ठिकाणी जनरल एमपीएच स्वस्त पडतंय. कर्ज धरून बजेट ५० लाख. कॉन्सन्ट्रेशनने, म्हणजे निवडलेल्या विशेष विषयाने, खरंच फरक पडतो का? वेस (परदेशी पदवीचं मूल्यमापन करणारी संस्था) आणि सोफास (पब्लिक हेल्थ कोर्सेसचा सामाईक ऑनलाइन अर्ज) कोणत्या क्रमाने उरकायचं? आणि अमेरिकेचं जमलं नाही तर ब्रिटन किंवा जर्मनी कसं?

रिग्रेशन
पडतो, आणि फीमधल्या फरकापेक्षा जास्त पडतो. आय-२० वर (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते पत्र) कोर्सच्या नावासोबत सहा अंकी सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) छापलेला असतो. एपिडेमिऑलॉजीचा २६.१३०९, बायोस्टॅटिस्टिक्सचा २६.११०२. हे दोन्ही स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहेत. जनरल पब्लिक हेल्थचा ५१.२२०१, तो त्या यादीत नाही. स्टेम कोड असेल तर १२ महिन्यांच्या ओपीटीवर (शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायची परवानगी) आणखी २४ महिने मिळू शकतात, नाहीतर वर्षभरात गाशा गुंडाळायची तयारी ठेवावी लागते.

मेख अशी की एपिडेमिऑलॉजी असं नाव असलेल्या एमपीएचलाही काही विद्यापीठं ५१.२२०१ च लावतात. त्यामुळे वेबसाइटवरच्या नावावर विसंबू नका. प्रवेश कार्यालयाला एका ओळीचा ईमेल करा: या कॉन्सन्ट्रेशनच्या आय-२० वर कोणता सीआयपी कोड येतो? उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. रँकिंगच्या याद्या चाळण्याआधी हे काम करा.

ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहिलात तर स्टेटस धोक्यात येतं. पुढच्या २४ महिन्यांसाठी नोकरी देणारी संस्था ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासणारी सरकारी ऑनलाइन व्यवस्था) नोंदलेली हवी. छोट्या स्वयंसेवी संस्था इथेच अडतात, त्या बऱ्याचदा नोंदलेल्या नसतात. २०२५ मध्ये यूएसएड (अमेरिकेची परदेशी मदत संस्था) बंद झाली आणि सरकारी आरोग्य खात्यांतही मोठी कपात झाली. म्हणून फक्त 'ग्लोबल हेल्थ' या कॉन्सन्ट्रेशनवर मोठं कर्ज काढणं मला आज योग्य वाटत नाही.

आता खर्च. सेफची (पब्लिक हेल्थ कोर्सेसना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या एमपीएचला किमान ४२ सेमिस्टर क्रेडिट लागतात. विद्यापीठाचा दर क्रेडिटला १,५०० डॉलर असेल तर नुसती फी ६३,००० डॉलर. ९०० असेल तर ३७,८००. राहणं, विमा, विमानभाडं वेगळं. तुमच्या बजेटात पहिला आकडा बसत नाही, तेव्हा राज्य विद्यापीठांकडेच बघा आणि ग्रॅज्युएट असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करून मिळणारं मानधन किंवा फीसवलत) एमपीएचवाल्यांना देतात का हे विचारा. बऱ्याच ठिकाणी त्या पीएचडीवाल्यांनाच जातात. कॅम्पसवरचं काम सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर करता येत नाही, त्यातून फी निघत नाही.

प्रॅक्टिकम, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून एखाद्या संस्थेत करायचं प्रत्यक्ष काम, तेही नीट समजून घ्या. सेफच्या नियमानुसार यजमान संस्थेच्या उपयोगाची किमान दोन कामं तुमच्या हातून पूर्ण व्हावी लागतात: सर्वेक्षणाची प्रश्नावली, डेटा डॅशबोर्ड, प्रशिक्षण पुस्तिका असं काहीतरी. शोधनिबंध चालत नाही. कॅम्पसबाहेर पगारी प्रॅक्टिकम करायचं तर आधी सीपीटी (शिकत असतानाच्या कामाची परवानगी) मंजूर होऊन आय-२० वर संस्थेचं नाव आणि तारखा यायला हव्यात. त्याआधी एक दिवस जरी काम केलं तरी तो नियमभंग. आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की ओपीटी हातची गेली.

दातकोरणी_नाशिक
खूप मदत झाली. अकरावी-बारावीला गणित नव्हतं. एपिडेमिऑलॉजी झेपेल का?

रिग्रेशन
झेपेल. एमपीएचला कॅल्क्युलस सहसा मागत नाहीत. एमएस बायोस्टॅटिस्टिक्सला मागतात, तिकडे जाऊ नका. निघायच्या आधी एवढं पक्कं करा: ऑड्स रेशो आणि रिस्क रेशो यांतला फरक, कॉन्फिडन्स इंटरव्हलचा अर्थ, लिनिअर आणि लॉजिस्टिक रिग्रेशन. 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात एखादी मोठी डेटा फाइल घेऊन, रिकाम्या जागा साफ करून, एक तक्ता आणि एक रिग्रेशन स्वतः करा. पहिल्या सेमिस्टरमध्ये मुलं सूत्रांपेक्षा डेटा साफ करतानाच जास्त अडकतात.

टपालपेटी
कागदपत्रांचा क्रम सांगतो. आधी वेस, मग सोफास.

वेसला अर्ज करताना 'कोर्स-बाय-कोर्स आयकॅप' निवडायचं आणि रिपोर्ट घेणारा म्हणून सोफास टाकायचं. प्रत्येक विद्यापीठ वेगवेगळं टाकलं तर पैसे फुकट जातात. 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' स्वस्त दिसतं, पण त्यात विषयवार ग्रेड नसतात आणि सोफासला ते चालत नाही. अर्ज भरला की संदर्भ क्रमांक मिळतो. नाशिकला विद्यापीठात ट्रान्स्क्रिप्टचा (विषयवार गुणांचा अधिकृत दाखला) अर्ज करताना तो क्रमांक द्या. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच जायला हवं, तुम्ही स्वतः पाठवलेली गुणपत्रिका ग्राह्य धरत नाहीत. सोफासच्या पडताळणीलाही काही आठवडे जातात. डिसेंबरची मुदत असेल तर ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज जुलै-ऑगस्टमध्येच टाका, दिवाळीची वाट बघू नका.

आपल्याकडची हमखास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर 'आडनाव, नाव, वडिलांचं नाव' असा क्रम असतो, कधी खाली आईचंही नाव. पासपोर्टवर मात्र नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. वेस, सोफास, टोफेल (इंग्रजीची परीक्षा) आणि व्हिसाचा अर्ज सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. नाहीतर तुमचं अख्खं नाव आडनाव म्हणून जातं आणि व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' ('फर्स्ट नेम अननोन') छापून येतं. मग तिकडे बँकेपासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात आणि ती प्राध्यापकच ऑनलाइन भरतात. तिघेही क्लिनिकल विभागाचे नकोत, एक तरी पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीचा हवा.

मशेरी_मुक्त
एसओपीबद्दल, म्हणजे अर्जासोबतच्या हेतुपत्राबद्दल. 'मला समाजसेवेची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या अर्जात असतं. दंतवैद्याकडे त्याहून ठोस सांगण्यासारखं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ग्रामीण भागात बायका मशेरी लावतात आणि ओपीडीत 'तंबाखू खाता का?' विचारलं की 'नाही' म्हणतात, कारण मशेरीला त्या तंबाखू समजतच नाहीत. मग केसपेपरवरची नोंद चुकते आणि त्या नोंदींवरचा अभ्यासही चुकतो. एपिडेमिऑलॉजीत याला मिसक्लासिफिकेशन म्हणतात. एसओपीचा पहिला परिच्छेद अशा एका प्रश्नावर लिहा आणि तो सोडवायला कोणती पद्धत शिकायची आहे ते दुसऱ्यात.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. परदेशी एमपीएच ही एमडीएसच्या (दंतवैद्यकातली मास्टर्स) जागी चालत नाही. इथे परत येऊन डेंटल कॉलेजात शिकवायचा विचार असेल तर एमडीएसच करा.

पेटेनकोफर
ब्रिटन-जर्मनीचं थोडक्यात. ब्रिटनची मास्टर्स एका वर्षाची, त्यामुळे राहण्याचा खर्च वाचतो. पण प्रॅक्टिकमला वेळ जेमतेम मिळतो. आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, तो व्हिसाच्या अर्जासोबतच भरावा लागतो. टीबी चाचणीचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त केंद्राचंच लागतं आणि ते सहा महिने चालतं. खर्चाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी पडली तरी व्हिसा नाकारला जाऊ शकतो. शेवनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे तुम्हाला तो आज लागू नाही.

जर्मनीला एपीएस प्रमाणपत्र (पदवीच्या कागदपत्रांची पडताळणी) नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, ते महिन्याला ९९२ असे परत मिळतात. म्युनिक, बर्लिन आणि हायडेलबर्ग या तिन्ही ठिकाणी या क्षेत्राच्या मास्टर्स आहेत. 'जर्मनीत शिक्षण मोफत' हे मात्र सगळीकडे खरं नाही, म्हणून प्रत्येक कोर्सच्या पानावर फी वेगळी तपासा.

फ्रान्समधून चालणारी युरोपबहेल्थ ही इरॅस्मस मुंडस (युरोपीय संघाची शिष्यवृत्ती योजना) मास्टर्सही बघा. तिची शिष्यवृत्ती मिळाली तर ५० लाखांचं कर्ज काढायची वेळच येत नाही. जर्मनीचा विचार असेल तर एपीएसचा अर्ज मात्र आधी टाका. ते प्रमाणपत्र हातात येईपर्यंत जर्मन व्हिसाचं काहीच पुढे सरकत नाही.