'काउबॉय कार्टर'ला कंट्रीचा ग्रॅमी द्यायला हवा होता का?

माळरान:
बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला फेब्रुवारी 2025 मध्ये दोन मोठे ग्रॅमी मिळाले, वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम आणि सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतल्या लोकगीतांतून आलेलं संगीत). पहिल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसरा मला पटत नाही. 27 ट्रॅकमध्ये रॅप आहे, क्लबात नाचायचे ठेके आहेत, एका गाण्यात तर इटालियन आरिया आहे. हा कंट्री अल्बम नसून 'बियॉन्से' अल्बम आहे, असं तिनेच प्रकाशनाआधी लिहिलं होतं. नामांकनांच्या त्याच यादीत कंट्री गायक क्रिस स्टेपलटन होता. तो वर्षानुवर्षं हेच गातोय, त्याचं काय?

ह्यूस्टनकरीण:
तिचं ते एक वाक्य सगळे सांगतात, पण त्याच निवेदनातलं पुढचं सोडून देतात. आपलं स्वागत झालं नाही अशा एका अनुभवातून हा अल्बम जन्मला, असं ती त्यात म्हणते. 2016 च्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कार सोहळ्यात ती 'द चिक्स' या कंट्री गटाबरोबर गायली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आणि 2024 मध्ये? बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, तरी सीएमएचं एकही नामांकन नाही. ती टेक्सासमधल्या ह्यूस्टनची आहे. इथल्या रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या खेळांच्या जत्रेत, ती पूर्वीच गाऊन गेलीय. तिला उपरी कसं म्हणता?

माळरान:
उपरी म्हटलेलंच नाही मी. नामांकन नाकारणं चूकच होतं. पण एका संस्थेच्या अन्यायाची भरपाई दुसऱ्या संस्थेने बक्षीस देऊन करायची का? मला गाण्याबद्दल बोलायचंय. कंट्री गायिका डॉली पार्टनचं 'जोलीन' या अल्बममध्ये पुन्हा गायलंय. मूळ गाण्यात एक बाई दुसरीसमोर पदर पसरते, माझा माणूस नेऊ नकोस म्हणते. त्या अगतिकतेवरच ते गाणं उभं आहे. बियॉन्सेने तिथे धमकी आणली आणि गाण्याचा जीवच गेला.

सूरपेटी:
'जोलीन'बाबत शंभर टक्के सहमत, अल्बममधली सगळ्यात कच्ची जागा तीच. पण गाण्याबद्दलच बोलायचं तर याच अल्बममधलं 'टेक्सास होल्ड एम' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीचा बॅन्जो (एक तंतुवाद्य) रायनन गिडन्स या कृष्णवर्णीय वादक-गायिकेचा आहे. बॅन्जो आला आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर, आणि गिडन्स गेली कित्येक वर्षं हाच इतिहास वाजवून दाखवतेय. हा कंट्री नसेल तर मग कंट्री म्हणजे काय?

जुनी_कॅसेट:
लिंडा मार्टेलबद्दल कुणीच कसं बोललं नाही? 1969 मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नामांकित कंट्री कार्यक्रमाच्या मंचावर एकटीने गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. 1970 मध्ये तिचा एक अल्बम आला, तो गाजलाही, पण दुसरा कधी निघालाच नाही. या अल्बममध्ये तिचा बोलता आवाज आहे. तो ऐकताना मला भरून आलं.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती बियॉन्सेच्या चाहत्यांनाही आवडणार नाही. बीटल्सच्या 'ब्लॅकबर्ड'मध्ये तिच्याबरोबर चार तरुण कृष्णवर्णीय कंट्री गायिका आहेत: टॅनर अ‍ॅडेल, ब्रिटनी स्पेन्सर, टिएरा केनेडी, रेना रॉबर्ट्स. त्यांना एकेक कडवं तरी मोकळेपणाने गाऊ द्यायचं! 27 ट्रॅकमध्ये तेवढी जागा नक्कीच होती.

ह्यूस्टनकरीण:
पण त्यांची नावं आज तुम्ही इथे लिहिताय, ती या गाण्यामुळेच ना?

जुनी_कॅसेट:
माझ्यापर्यंत नाव पोचलं, कबूल. कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या रेडिओवर त्यांचं गाणं लागणं हे खरं काम, आणि ते अजून बाकी आहे.

माळरान:
हे मात्र पटलं. ग्रॅमीबद्दल माझं मत तेच आहे. पुढच्या फेरीसाठी ग्रॅमी देणाऱ्या अकादमीने पारंपरिक आणि समकालीन कंट्री असे दोन वेगळे पुरस्कार केले, ते आधीच करायला हवं होतं.

सूरपेटी:
आणि 'पारंपरिक'मध्ये गिडन्सचा बॅन्जो बसेल की नाही, हे कोण ठरवणार?