पंधराव्या वर्षी पोटाची शस्त्रक्रिया करावी का?

मूळ प्रश्न : मुलाची मावशी, टिळकवाडी, बेळगाव

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ११६ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे प्रमाण) ४१. खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेले की बहीण अंघोळीच्या वेळी त्याची मान वज्रीने घासताना दिसे, कारण मानेवरची काळी, मखमलीसारखी जाड वळी तिला मळ वाटत होती. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की मानेवर आणि काखेत अशी कातडी काळवंडते, हे मागच्या वर्षी त्याची साखर तपासली तेव्हा आम्हाला कळले. त्याला टाइप २ मधुमेह निघाला. रात्री तो मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकून उठतो आणि गेले काही महिने भिंतीला उशी लावून बसूनच झोपतो.

बेळगावच्या डॉक्टरांनी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचा विचार करायला सांगितले आहे. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात. दाजी तयार आहेत, पण मुलाची आजी ‘वाढत्या अंगाला सुरी लावायची नाही’ या म्हणण्यावर ठाम आहेत. दीड वर्ष गोळ्या, आहार आणि चालणे सगळे करून पाहिले. नऊ किलो उतरले आणि अकरा चढले. माझे मत शस्त्रक्रियेकडे झुकले आहे, तरीही विरोधातले म्हणणे नीट ऐकल्याशिवाय बहिणीला सल्ला देणे मला बरोबर वाटत नाही.

प्रतिसाद : निवृत्त क्रीडाशिक्षक, निपाणी

ताई, मी तीस वर्षे मुलांना मैदानावर पळवले आहे आणि माझा या शस्त्रक्रियेला स्पष्ट विरोध आहे. एसएसएलसीचे, म्हणजे दहावीचे, वर्ष आले की पीटीचा तास गणिताला दिला जातो, संध्याकाळ ट्यूशनमध्ये जाते आणि घरी येताना बेकरीतला पफ हातात असतो. पाहुणे आले की कुंदा, गोकाकहून कोणी आले की करदंट. वाढदिवसाला केक तर ठरलेलाच. म्हणजे मोठ्यांनी मुलाच्या ताटात आणि वेळापत्रकात बिघाड करायचा आणि त्याची भरपाई मुलाने पोट कापून करायची, हे मला न्यायाचे वाटत नाही.

दुसरे असे की पंधरा वर्षांच्या मुलाची उंची आणि हाडे अजून भरत असतात. आज काढलेले जठर उद्या परत बसवता येत नाही. मुलगा स्वतः ‘हो’ म्हणाला तरी पन्नास वर्षांच्या परिणामांना त्या वयात कोण काय समजून होकार देणार? विमा नियामकांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या अटींतही लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी वय १८ पूर्ण असावे लागते. तीन वर्षे थांबावे, घरातल्या सगळ्यांनी एकच ताट जेवावे आणि त्याला रोज तासभर खेळवावे, असे माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद : शस्त्रक्रिया विभागातील परिचारिका, बेळगाव

सरांचा मैदानाचा आग्रह मला शंभर टक्के मान्य आहे, कारण मुले लठ्ठ होऊच नयेत यासाठी त्याच्याइतका चांगला उपाय नाही. पण एकदा बॉडी मास इंडेक्स चाळीशीच्या पुढे गेला की शरीर ते वाढलेले वजनच आपले मानते; उपाशी ठेवले तर भुकेचे संप्रेरक वाढवते आणि विश्रांतीतला उष्मांकखर्च कमी करते. या मुलाचे नऊ उतरून अकरा चढले ते याच कारणाने, त्याच्या आळसाने नव्हे. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग निघतो तिथेच घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक प्रामुख्याने तयार होते. त्यामुळे पोट लहान होते इतकेच नाही, तर भूकही शमते.

अमेरिकेत किशोरवयीन २४२ रुग्णांवर लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया (स्लीव्ह आणि इतर प्रकार) करून त्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या निष्कर्षांत सरासरी २७ टक्के वजन घटले होते आणि ज्यांना आधी टाइप २ मधुमेह होता त्यांपैकी ९५ टक्के जणांचा तो माघारी गेला होता, म्हणजे साखर औषधांशिवाय आटोक्यात आली होती. दहा वर्षांनी ही आकडेवारी वजनासाठी २० टक्के आणि मधुमेहासाठी ५५ टक्क्यांवर आली, म्हणजे परिणाम ओसरतो, पण पुसला जात नाही. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये तेरा वर्षांपुढील तीव्र लठ्ठ मुलांना अशा शस्त्रक्रियेच्या तपासणीसाठी पाठवण्याची शिफारस केली.

सर, ‘तीन वर्षे थांबा’ हा सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण तसा नाही. कोवळ्या वयातला टाइप २ मधुमेह मोठ्यांच्या मधुमेहापेक्षा झपाट्याने डोळे आणि मूत्रपिंड बिघडवतो, आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नुसत्या गोळीवर सुमारे निम्म्या मुलांची साखर काबूत राहत नाही, हे अशाच दुसऱ्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे. बसून झोपणाऱ्या मुलाच्या रात्रीच्या श्वासाची तर तपासणी झालीच पाहिजे.

प्रतिसाद : दोन मुलांची आई, अथणी

मी स्वतः चौतिसाव्या वर्षी हीच शस्त्रक्रिया करून घेतली आहे. मला तिचा पश्चात्ताप नाही, तरीही माझ्या मुलाला मी ती आज करू देणार नाही. परिचारिका ताईंनी दिलेल्या अभ्यासातच तीन वर्षांनी ५७ टक्के जणांच्या शरीरातला लोहाचा साठा कमी झालेला होता आणि १३ टक्के जणांवर पोटाची आणखी एखादी शस्त्रक्रिया करावी लागली होती. ते आकडेही याच श्वासात सांगायला हवेत.

पहिले काही दिवस मी औषधाच्या टोपणाने पाणी प्यायले. एक टोपण, मग थांबायचे, मग दुसरे. पुढे पातळ, मग मऊ, मग अर्धी भाकरी, आणि घास घाईत गिळला तर छातीत कळ येऊन उलटी. सहाव्या महिन्यात केस मुठीने गळाले. आमचे घर शुद्ध शाकाहारी आहे, त्यामुळे बी-१२ आधीच कमी होते. आता त्याची इंजेक्शने, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व हे सगळे जन्मभराचे आहे. मी ते पाळते, कारण मी शहाणी-सुरती बाई आहे. इंजिनिअरिंगसाठी हॉस्टेलवर गेलेला अठरा वर्षांचा पोरगा पाळेल का?

सीमाभागातली एक अडचण आणखी सांगते. दवाखान्यातून मिळालेला आहाराचा कागद इंग्रजीत होता, तोंडी समजावले गेले कन्नडमध्ये, आणि माझ्या घरात स्वयंपाक करणाऱ्या सासूबाई फक्त मराठी वाचतात. मी रात्री बसून तो कागद मराठीत उतरवून चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवला. मुलाच्या बाबतीत हे कोण करणार, हे आधी ठरवा.

प्रतिसाद : बावीस वर्षांचा तरुण, चिकोडी

शाळेत माझे वजन १०४ किलो होते. बाकावर माझ्या शेजारी कोणी बसत नसे आणि शर्यतीत मला शेवटी पळवून वर्ग हसत असे. क्रीडाशिक्षक सरांचा मी आदर करतो. पण ‘रोज खेळवा’ म्हणताना, मैदानावरच्या त्या हसण्याचे काय करायचे हेही त्यांनी सांगावे. माझी शस्त्रक्रिया झाली नाही, व्हावी की नाही हेही कोणी मला विचारले नाही. घरातले सगळे माझ्या पोटाविषयी माझ्यासमोर, पण माझ्याशिवाय बोलत राहिले. ताई, आपल्या लेखात दाजींचे मत आहे, आजींचे आहे, डॉक्टरांचे आहे. मुलाचे नाही.

क्रीडाशिक्षक, निपाणी (पुन्हा)

त्या हसण्याला माझ्यासारखे शिक्षकही जबाबदार आहेत, हे मी मान्य करतो. श्वास अडकतो म्हणून तपासणी तातडीने व्हावी, यातही दुमत नाही. पण अथणीच्या ताईंनी सांगितलेली जन्मभराची बांधिलकी वाचून माझा विरोध कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. झोपेत श्वास मोकळा ठेवणारे यंत्र लावून श्वास सुधारता येत असेल, तर ते आधी लावावे.

मूळ लेखिका, टिळकवाडी

चिकोडीच्या दादांचा प्रतिसाद वाचून मी खरोखरच ओशाळले. काल संध्याकाळी गावी गेले आणि भाच्याला घेऊन मागच्या दारी बसले. त्याला सगळे सांगितले: किती भाग काढतात, गोळ्या किती वर्षे, केस गळतात तेही. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने दोनच प्रश्न विचारले: झोपून झोपता येईल का, आणि आजीच्या हातची भाकरी खाता येईल का. दुसऱ्या प्रश्नाला मी ‘अर्धी’ म्हणाले.

पुढच्या मंगळवारी झोपेची तपासणी ठरली आहे. श्वासाचे यंत्र आणि नवा आहार सहा महिने पाळायचा, त्यानंतर साखर पाहून शस्त्रक्रियेचे ठरवायचे, यावर सध्या घरात एकमत आहे. माझा कौल अजूनही शस्त्रक्रियेच्याच बाजूने आहे. अथणीच्या ताईंना विनंती आहे की त्यांनी मराठीत उतरवलेल्या त्या कागदाचा फोटो मला पाठवावा. आजी म्हणाल्या आहेत की कागद मोठ्या अक्षरात असेल तर त्या स्वतः वाचतील.