क्रुक्सला 'एकलकोंडा' म्हणावं का?

प्रश्न : जॉन स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) या कादंबरीवर लिहिताना कॅलिफोर्नियातल्या एका मळ्यावर तबेल्यात काम करणाऱ्या काळ्या क्रुक्ससाठी मी 'एकलकोंडा' हा शब्द वापरला. मैत्रिणीने हरकत घेतली, 'एकाकी' लिही म्हणाली. एवढा फरक आहे का दोन्हींत?

उत्तर : आहे, आणि इथे तो फार महत्त्वाचा आहे. एकलकोंडेपणा हा स्वभाव. लग्नघरात माणसांचा गराडा असताना जो गच्चीत जाऊन बसतो तो एकलकोंडा. त्याला कुणी हाकललेलं नसतं. 'एकटा' ही बहुतेकदा नुसती मोजणी. 'घरी एकटाच आहे' यात दुःख असेलच असं नाही. एकांत तर माणूस आपणहून शोधतो. तुकोबांना 'एकांताचा वास' रुचला तो सुखाने. 'एकाकी'त मात्र पोकळी आहे.

आता क्रुक्स. घोड्याच्या लाथेने पाठ वाकडी झालेली. इतर मजूर एका मोठ्या खोलीत झोपतात, पत्ते खेळतात. हा घोड्यांचा साज ठेवायच्या खोलीत. जवळ थोडी पुस्तकं, त्यात एक फाटका शब्दकोश. काळा आहे म्हणून त्याला पत्त्यांत घेत नाहीत, अंगाला वास येतो म्हणतात. लेनी हा मळ्यावर नवा आलेला भोळा मजूर दारात येतो तेव्हा क्रुक्स आधी खेकसतो, हे खरं. तुम्हाला 'एकलकोंडा' सुचला तो बहुधा तिथेच. पण ज्याला दुसऱ्यांच्या खोलीत पाऊल टाकता येत नाही, त्याच्याकडे स्वतःच्या दारात आडवं उभं राहण्याएवढाच हक्क उरलेला असतो. थोड्याच वेळात तोच लेनीला बसवून घेतो आणि जवळ कुणी नसलं की माणसाला वेड लागतं, हे बोलून दाखवतो. त्याला एकलकोंडा म्हटलं की इतरांनी केलेला अन्याय त्याच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होतो.

'एकाकी' बरोबर आहे, तरी मला अपुरा वाटतो. त्यातून मनाची अवस्था कळते, पण ती कुणी आणली ते कळत नाही. मराठीत सरळ क्रियापद आहे : एकटं पाडणं. क्रुक्स हा 'एकटा पाडलेला' माणूस आहे.

प्रश्न : मग 'वाळीत टाकलेला' का नको? आणि 'उपरा'?

उत्तर : वाळीत टाकतात ते आपल्यातल्याला. जातपंचायत ज्याचं पाणी तोडते तो कालपर्यंत पंगतीत असतो. क्रुक्स पंगतीत कधी नव्हताच. 'बहिष्कृत' अर्थाने जवळ आहे. पण आंबेडकरांच्या १९२७ च्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकापासून त्या शब्दामागे आपल्याकडचा एवढा इतिहास उभा आहे, की कॅलिफोर्नियातल्या माणसावर तो घालताना माझा हात अडखळतो. 'वर्णद्वेष'ही जपून वापरा. तिथे वर्ण म्हणजे रंग, चातुर्वर्ण्यातला वर्ण नव्हे. 'वंशद्वेष' जास्त स्वच्छ.

'उपरा' हा शब्द लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या आत्मकथनामुळे घरोघरी पोचला. गावगाड्यात ज्याला जागा नाही, तो उपरा. पण क्रुक्स आवर्जून सांगतो की आपण इथलेच, कॅलिफोर्नियातच जन्मलेलो. वडिलांचं कोंबड्यांचं फार्म होतं, लहानपणी गोरी मुलं खेळायला यायची. मळ्यावरचे बाकीचे मजूर वळकटी घेऊन आज आले, उद्या गेले. हा टिकून आहे. तरी परका ठरतो तोच.

कँडी नावाचा म्हातारा मजूर आहे, त्याचा प्रसंग पुन्हा वाचा. तोही बरीच वर्षं तिथे, क्रुक्सही बरीच वर्षं तिथे, एकाच आवारात. लेनीशी दोघांच्या जमीन घ्यायच्या बेताबद्दल बोलायला कँडी क्रुक्सच्या खोलीत येतो आणि संकोचून म्हणतो की इथे आत मी आज पहिल्यांदाच आलो.