विषय: रि: मे अखेरची अल्गॉन्क्विन कनू ट्रिप, सामान कोणी काय आणायचं?

नमस्कार मंडळी,
कॅनडातल्या ओंटारिओच्या अल्गॉन्क्विन पार्कचं परमिट मिळालं, आपण आठ जण, चार कनू (वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद, हलक्या होड्या). पहिल्यांदाच येणाऱ्यांनी मला वेगवेगळे फोन करून विचारलं की काय काय विकत घ्यायचं, म्हणून इथेच विचारतो म्हणजे सगळ्यांना उत्तर मिळेल. तंबू, स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर प्रत्येकाने आपापला आणायचा का? आणि कनू केवलारचीच (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) भाड्याने घ्यावी का? जे आधी जाऊन आलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.
– म. दे. (ट्रिप समन्वयक)

---

म., आधी सगळ्यांना सांग की अजून काहीही विकत घेऊ नका 🙏

सगळं गणित पोर्टेजवर अवलंबून आहे, म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू आणि सामान खांद्यावर घेऊन चालायची वाट. समजा दोन तळ्यांमधली वाट हजार मीटरची आहे, सगळं सामान एका फेरीत गेलं तर हजार मीटर चाललात, दोन फेऱ्या लागल्या तर एकदा नेऊन ठेवायचं, रिकाम्या हाताने परत यायचं, पुन्हा न्यायचं, म्हणजे तीन हजार मीटर झाले, आणि तेही चिखल, मुळं, ब्लॅक फ्लायमधून (चावणाऱ्या बारीक माश्या). प्रत्येकाने स्वतःपुरता विचार केला की आठ स्टोव्ह आणि आठ फर्स्ट एड किट होतात आणि दुसरी फेरी अटळ होते. आठ जणांना दोन स्टोव्ह भरपूर (एक बंद पडला तर दुसरा आहे), झाडाला टांगायचे दोन ग्रॅव्हिटी फिल्टर, एक नीट फर्स्ट एड किट, चार तंबू. यादी माणसागणिक नको, ग्रुपची एक करा आणि कोण काय उचलणार ते आत्ताच नावानिशी ठरवा.

पण काही गोष्टी वाटून घ्यायच्या नाहीत!! प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, आणि प्रत्येक कनूत शिट्टी, पाणी उपसायला डबा, तरंगणारी किमान १५ मीटर दोरी. हे कॅनडाचा नियमच आहे. नियमात जॅकेट बोटीत असलं की पुरतं पण आपण ते अंगातच घालायचं, यावर चर्चा नको. प्रत्येक कनूत एक जादा पॅडलही ठेवा.

केवलारबद्दल: १७ फुटी कनू साधारण १८-२० किलो, ॲल्युमिनियमची ३० च्या पुढे, खांद्यावर घेतली की फरक लगेच कळतो. म्हणून केवलारच घ्या, पण ती दगडावर घासत किनाऱ्याला लावायची नाही, गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि उचलून बाहेर काढायची. थोडक्यात पाय ओले होणारच, तसे बूट आणा. कपडे फिकट रंगाचे, ब्लॅक फ्लाय गडद रंगावर जास्त येतात. आणि तिथे आत कॅन आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, खाणं पॅक करतानाच लक्षात ठेवा.
– सु.

---

सु. ताई, फार छान लिहिलंत. एक विचारायचं होतं, आम्ही नवरा-बायको दोघंही नवीन आहोत, एकाच कनूत बसलो तर चालेल ना? पुढे कोणी बसायचं?
– अ. कु.

---

अ., माझं मत विचारशील तर नवीन माणसाबरोबर जुना माणूस, मग नातं काहीही असो. मागचा दिशा सांभाळतो, जे स्ट्रोक (शेवटी वल्हं बाहेर वळवून J आकारात) मारून कनूचं नाक सरळ ठेवतो, पुढच्याने लय द्यायची आणि पाण्याखालचे दगड बघून ओरडून सांगायचं. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हवायचं, आणि बाजू बदलायची तर एकाने हाक द्यायची, दोघांनी एकदमच बदलायची. पुढच्याची लय मागच्याने पाळायची, हे जमलं की दिवसाअखेर खांदे दुखत नाहीत. जड पिशव्या मधे आणि तळाशी, समोरून वारा असेल तर थोड्या पुढे सरकवा.

आता मला जे खरं कळकळीने सांगायचंय ते. मे अखेरीलाही तिथलं पाणी गार असतं. गार पाण्याचा शरीरावरचा परिणाम अभ्यासणारे मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी १-१०-१ हा नियम मांडला आहे: बर्फासारख्या पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, मग हातपाय कामाचे राहतात ती साधारण १० मिनिटं, शुद्ध हरपायला सुमारे १ तास. म्हणजे मदत त्या दहा मिनिटांत पोचायला हवी, आणि तिथे ती आपल्याच दुसऱ्या कनूची असणार. म्हणून कोणीही पुढे निघून जायचं नाही, जो सगळ्यात हळू त्याचा वेग तो ग्रुपचा वेग, आणि मोठ्या तळ्यावर चारही कनू हाकेच्या अंतरात.

टी रेस्क्यू, म्हणजे उलटलेल्या कनूला दुसऱ्या कनूने सोडवणं, जाण्याआधी करून बघूच: उलटलेली कनू आपल्या कनूला काटकोनात आणायची, तशीच पालथी आपल्या कनूच्या काठांवरून आडवी ओढून घ्यायची म्हणजे पाणी निघून जातं, मग सुलटी करून परत पाण्यात, तोवर पडलेले दोघं आपल्या कनूचं टोक धरून थांबतात. वाचायला सोपं आहे, करताना दोघांचा तोल एकत्र सांभाळावा लागतो, म्हणून सराव.

आणि पोर्टेजच्या तोंडाशी पिशव्या पसरून बसायचं नाही, सगळं एका बाजूला. ज्याच्या डोक्यावर कनू आहे त्याला आधी वाट द्यायची, त्याला खालचं दोन पावलांपलीकडे दिसत नाही. अनोळखी ग्रुप उतरत असेल तर त्यांची कनू धरायला पुढे व्हा, तिकडे सगळेच असं करतात आणि पुढच्या वाटेची बातमीही त्यांच्याकडूनच कळते, पाणी किती आहे, झाड आडवं पडलंय का. त्या वाटा तिथल्या मूळनिवासी अनिशिनाबे लोकांनी बर्च सालीच्या कनू खांद्यावर घेऊन पिढ्यानपिढ्या तुडवलेल्या आहेत, आपला एक कागदही मागे राहता कामा नये.
– वि. जो.

---

काका, ताई, मनापासून आभार. ठरलं मग. दोन्ही फिल्टर सु. ताई, स्टोव्ह मी आणि वि. काका, फर्स्ट एड अ. खाण्याच्या पिशव्या प्राण्यांपासून वाचवायला रात्री झाडाला टांगायला (४ मीटर उंच, खोडापासून २ मीटर लांब) लांब दोरी कोणाकडे आहे? जोड्या काका लावतील. रविवारी सकाळी तळ्यावर टी रेस्क्यूचा सराव आठही जणांचा आहे, कोणाला जमणार नसेल तर उद्यापर्यंत कळवा, दिवस बदलू पण कोणाला वगळून सराव करायचा नाही.
– म. दे.