शेक्सपिअर रंगभूमीवर परत आणला कुणी? गॅरिकनं की 'लेडीज क्लब'नं?

तिसरी_घंटा:
श्रेय अठराव्या शतकातला इंग्लिश नट डेव्हिड गॅरिक याला द्यायची पद्धत आहे. पण गॅरिक 'रिचर्ड तिसरा' करून लंडनमध्ये गाजला तो ऑक्टोबर १७४१मध्ये. 'शेक्सपिअर लेडीज क्लब' १७३६च्या अखेरीस निघाला होता. वर्गणी काढायची आणि ड्रुरी लेन, कॉव्हेंट गार्डन या लंडनच्या नाट्यगृहांच्या मालकांना शेक्सपिअर लावायला लावायचं, हे त्यांचं काम. सुझॅना अ‍ॅशली-कूपर, मेरी मॉन्टेग्यू, एलिझाबेथ बॉइड ही नावं किती नाट्यवेड्यांना ठाऊक आहेत?

विंगेतला:
जरा दमानं. १७३७च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टनं नवं नाटक चौदा दिवस आधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे तपासायला देणं सक्तीचं केलं. जुनं लावणं बिनधोक. त्यात १७३४-३५मध्ये टॉन्सन आणि वॉकर या प्रकाशकांच्या भांडणात शेक्सपिअरच्या सुट्या नाटकाची प्रत एका पेनीपर्यंत उतरली. शिवाय 'अनेक खानदानी स्त्रियांच्या इच्छेवरून' ही ओळ तेव्हा कुठल्याही नाटकाच्या जाहिरातीत असे. अशा सगळ्या जाहिराती क्लबच्या खात्यात टाकल्या की आकडा फुगणारच.

तिसरी_घंटा:
जाहिरातींचं मान्य. कायद्याचं नाही. कायदा जूनचा, 'किंग जॉन' कॉव्हेंट गार्डनला लागलं त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला. आणि बिनधोकच हवं होतं तर 'हॅम्लेट', 'ऑथेल्लो' चालूच होती की! १७३८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'रिचर्ड दुसरा', 'हेन्री पाचवा', 'हेन्री सहावा'चा पहिला भाग ही धूळ खात पडलेली नाटकं कशाला काढली? गल्ल्याची आशा नसेल तर कुठला मालक असल्या नाटकावर पैसा घालतो?

नेपथ्य:
तरी शेक्सपिअर 'परत आणला' हे शब्द जड वाटतात. 'किंग लिअर' क्लबच्या काळातही नेहम टेट या कवीनं बदललेल्या १६८१च्या सुखान्त संहितेतच व्हायचं. तो गोड शेवट पुढे १८३८पर्यंत पुरता हटला नाही.

तिसरी_घंटा:
खरंय. पण वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतला शेक्सपिअरचा १७४१चा पुतळा बघा. निधीसाठी ड्रुरी लेनला २८ एप्रिल १७३८ला 'ज्युलिअस सीझर' झालं, कॉव्हेंट गार्डनला १० एप्रिल १७३९ला 'हॅम्लेट'. लॅटिन लेखात काय, तर 'लोकप्रेमानं उभारला'. क्लबचं नाव नाही. आणि १७६९मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, उत्सवात खुद्द गॅरिकनंच सांगितलं की शेक्सपिअर रंगभूमीवर परत आणला तो स्त्रियांनी.

विंगेतला:
उत्सव गॅरिकचाच, समोर बायका बसलेल्या. नट माणूस, दुसरं काय म्हणणार?

तिसरी_घंटा:
मग गॅरिक सोडा. या पुनरुज्जीवनाचं श्रेय स्त्रियांना देणारी मेरी काउपरची कविता १७३८ची आहे, तेव्हा गॅरिकचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.