आय-७० च्या बर्फासाठी हायब्रिड ऑल-व्हील: शाफ्टवाली की मागे मोटरवाली?

घाटमाथा
कोलोरॅडोत डेन्व्हरमध्ये राहतो. हिवाळ्यात शनिवारी पहाटे पोरांना घेऊन कीस्टोन नाहीतर कॉपरला स्कीइंग, म्हणजे डोंगरातून जाणारा आय-७० महामार्ग आणि त्यावरचा आयझेनहावर बोगदा काही चुकत नाही. जुनी सेडान आता काढायचीय आणि हायब्रिड एसयूव्ही घ्यायची हे घरात ठरलंय, कारण बाकी आठवडाभर गाडी ऑफिस, शाळा आणि वाणसामान एवढंच करते आणि तिथं अ‍ॅव्हरेजचा फरक खिशाला कळतो. समोर तीन आहेत: टोयोटा रॅव्ह-फोर, होंडा सीआर-व्ही आणि सुबारू फॉरेस्टर, तिन्ही हायब्रिड ऑल-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या. माझा कल रॅव्ह-फोरकडे आहे.

इथले बरेच जण म्हणतात रॅव्ह-फोरची ऑल-व्हील खरी नाही, कारण इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत शाफ्टच नाही, मागे वेगळी इलेक्ट्रिक मोटर आहे साधारण ५४ हॉर्सपॉवरची. सीआर-व्ही आणि फॉरेस्टरला शाफ्ट आहे. मला हा वाद चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. ऑल-व्हील गाडीला हलवते, थांबवत नाही. थांबवणं आणि वळवणं टायरच्या हातात आहे, आणि आय-७० वर लोक चढावर अडकतात त्यापेक्षा जास्त उतारावर आपटतात. त्यामुळे माझं म्हणणं, यातली कुठलीही घ्या, पण हजार-बाराशे डॉलर बाजूला काढून खरे विंटर टायर घाला. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट सांगा, महिन्याभरात बुकिंग करायचंय.

रानवारा
टायरचं शंभर टक्के मान्य, पण त्यावरून "कुठलीही घ्या" असं निघत नाही. मी बोगद्याच्या पलीकडे डोंगरातच, फ्रिस्कोला राहतो, इथं नोव्हेंबर ते एप्रिल रोजचंच आहे. रविवारी दुपारी तुम्ही सगळे डेन्व्हरकडे परत निघता तेव्हा सिल्व्हरथॉर्नहून बोगद्याकडे जो चढ आहे तिथं ट्रॅफिक तुंबतं. नुसता बर्फ असता तर एक वेळ चालतं, पण शेकडो गाड्या थांबून थांबून निघाल्या की चाकांखालचा बर्फ घासून घासून आरशासारखा होतो. पुढचा दहा फूट सरकतो, तुम्हाला सरकावं लागतं, परत थांबा, परत चढावर उभ्यानं सुरुवात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या तिथं बघा, चाक जागेवर भिरभिरतं, मागचा भाग हळूहळू कडेच्या कठड्याकडे सरकायला लागतो आणि ड्रायव्हर अजून ॲक्सिलरेटर दाबतोय. अशा वेळी मागच्या चाकांना सलग आणि भरपूर ताकद लागते. मोटरवाली सिस्टिम पहिल्या दोन-चार वेळा छान ओढते, पण मोटर छोटी आहे, खोल बर्फात सारखी घसरत राहिली की तापते आणि मग स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. शाफ्टला ही अडचण तेवढी नाही.

शिवाय फॉरेस्टरचं ग्राउंड क्लिअरन्स ८.७ इंच, रॅव्ह-फोरचं ८.१. अर्धा-पाऊण इंच म्हणजे काही नाही असं वाटतं, पण रात्रीत फूटभर पडलेला आणि अजून न उपसलेला बर्फ गाडीच्या पोटाला लागायला लागला की कळतं.

कपबशी
रानवारा, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. थांबत-सुरू होत चढणं हे कमी वेगाचं काम आहे आणि तिथं इलेक्ट्रिक मोटर उलट चांगली, कारण शून्य वेगाला तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, लगेच मिळतो आणि कंट्रोल अगदी बारीक असतो. टोयोटाच्याच म्हणण्यानुसार गरज पडली तर ८० टक्क्यांपर्यंत टॉर्क मागे जातो. तापण्याचा प्रश्न येतो तो गाडी रुतल्यावर, म्हणजे तुम्ही पाच मिनिटं चाकं फिरवत बसलात तर. आय-७० वर कुणी तसं रुतत नाही, ते तुमच्या गल्लीतलं चित्र आहे. घाटमाथा यांचं घर डेन्व्हरमध्ये आहे, तिथं गल्लीत फूटभर बर्फ वर्षातून क्वचित, आणि तोही दोन दिवसांत उन्हानं जातो.

रानवारा
पण स्की रिसॉर्टचं पार्किंग? सकाळी सातला लावलेली गाडी दुपारी चारला काढायची, मधे आठ इंच पडलेला असतो, आणि बर्फ उपसणाऱ्या प्लाऊनं तुमच्या बंपरसमोर ढीग करून ठेवलेला असतो. रुतणं तिथं होतं. फावडं आहे हो माझ्याकडे, पण सगळ्यांकडे नसतं.

निळं_आकाश
मी तर म्हणतो हायब्रिडच नको. कुणी उंचीबद्दल बोलत नाहीये. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, बोगद्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद घालवतं, म्हणजे वर पोचेपर्यंत तीसेक टक्के गेली. रॅव्ह-फोरचं इंजिन १७६ हॉर्सपॉवरचं, ते तिथं १२० च्या आसपास उरतं. "पण मोटर आहे ना" म्हणाल, तर मोटरला उंचीचा फरक पडत नाही हे खरं, पण तिला वीज देणारी बॅटरी चिमुकली आहे, लांब चढावर लवकर उतरते आणि मग सगळा भार त्या दमलेल्या इंजिनावर. आवाज ऐका एकदा जॉर्जटाउनच्या पुढं बोगद्याकडे चढताना, सतत ओरडत असतं. त्यापेक्षा सुबारू आउटबॅकचं २.४ लिटर टर्बो घ्या, २६० हॉर्सपॉवर, टर्बो हवा दाबून घेतो म्हणून उंचीवर फारसं कमी होत नाही. पाच माणसं, डिकीत बूट, छतावर स्कीचा डबा आणि समोरून वारा, एवढं घेऊन ओव्हरटेक करायचं तर जीव असलेलं इंजिन पाहिजे.

घाटमाथा
ओव्हरटेक कशाला करायचं बर्फात? शनिवारी सकाळी आयडाहो स्प्रिंग्सच्या पुढं सगळे ताशी तीस-चाळीस मैलांच्या स्पीडने चाललेले असतात. टर्बोची ताकद मला वर्षातून थोडे दिवस उपयोगी, पेट्रोल मात्र रोज. रॅव्ह-फोर गॅलनला ४० मैलांच्या आसपास देते, फॉरेस्टर हायब्रिड ३५, टर्बो आउटबॅक त्याच्याही बरीच खाली.

कपबशी
चढाचं बोलणं झालं, पण मला हायब्रिड हवी वाटते ती उतारासाठी, आणि यावर लोक नीट विचार करत नाहीत. हिशोब करून बघा. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत साधारण २,१०० फूट म्हणजे ६४० मीटर खाली यायचं. माणसं-सामानासकट गाडी १,९०० किलो धरली तर एवढ्या उंचीची ऊर्जा सव्वातीन किलोवॅट-अवरच्या आसपास येते. नेहमीच्या गाडीत वारा आणि टायर खातील ते सोडून बाकी सगळी ब्रेकमध्ये नाहीतर इंजिन ब्रेकिंगमध्ये जाते. हायब्रिडमध्ये मोटर उलटी चालून वीज बनवते आणि गाडी धरून ठेवते, ब्रेकला पाय न लावता.

आता बॅटरी दीड किलोवॅट-अवरच्या आसपासची, त्यातलीही सगळी वापरत नाहीत, म्हणजे अर्ध्या वाटेतच भरते. इथं नवीन लोक घाबरतात, कारण एकदम इंजिन मोठ्यानं फिरायला लागतं. गाडी बिघडलेली नसते. बॅटरी भरल्यावर सिस्टिम ती वीज वापरून पेट्रोल न टाकता इंजिन फिरवते आणि तेच ब्रेकसारखं काम करतं. रॅव्ह-फोरचा गिअर एस ला घ्या, आकडा खाली आणा, आणि बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच वेग कमी करा. तिथला उतार सात टक्क्यांपर्यंत जातो, बाहेर पडल्यावर ब्रेक शोधायचा नाही. आणि मागच्या मोटरचा फायदा इथंही, ती मागच्या चाकांवरही वीज बनवते म्हणजे सगळा लगाम पुढच्या चाकांवर येत नाही.

निळं_आकाश
सगळं ठीक, पण हे तुम्ही कोरड्या रस्त्याचं सांगताय. बर्फावर मोटरचा ब्रेक जास्त लागला तरी चाक घसरणारच ना. टर्बो गाडीतही गिअर खाली घेता येतो. हायब्रिडची खास बाब मला यात दिसत नाही.

कपबशी
घसरेल, म्हणून तर टायर. तिथं मी घाटमाथांच्या बाजूचा.

थंडगार
मिनेसोटात आहे, डोंगर नाहीत पण थंडी तुमच्यापेक्षा जास्त. अ‍ॅव्हरेजच्या हिशोबात एक मोठा खड्डा आहे तो भरा. गाडीत हीटर लागला की इंजिन गरम ठेवावं लागतं, म्हणजे सिग्नलला बंद होणारं इंजिन हिवाळ्यात बंद होतच नाही. अमेरिकन ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे ७७ फॅरेनहाइटच्या तुलनेत २० फॅरेनहाइटला शहरात साधी गाडी १५ टक्के कमी देते आणि हायब्रिड ३० ते ३४ टक्के. म्हणजे ४० ची गाडी जानेवारीत शाळेच्या फेऱ्यांना २६-२८ ला येते. हायब्रिड घेऊ नका असं नाही, पण जास्तीचे पैसे वसूल व्हायचा हिशोब करताना बारा महिने ४० धरू नका.

फायदा मात्र एक सांगतो जो इथं कुणी लिहिला नाही. रस्ता बंद झाला आणि तीन तास जागेवर उभं राहायची वेळ आली तर हायब्रिडचं इंजिन थोडा वेळ चालतं, उष्णता करतं, बंद होतं, परत चालतं, पेट्रोल फार कमी जातं. पोरं मागे असतील तर हे लाख मोलाचं. फक्त सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलेलं नाही ना हे उतरून बघत राहा, आत कार्बन मोनॉक्साइड भरतो आणि वास येत नाही.

सह्यकडा
पुण्याहून वाचतोय, आमच्याकडे परवडणाऱ्या गाड्यांत तर हा वादच होऊ शकत नाही. ग्रँड व्हिटारा २०२२ ला आली तेव्हा स्ट्राँग हायब्रिड घेतली तर फक्त पुढच्या चाकांची, आणि ऑल-व्हील पाहिजे तर साधं माइल्ड हायब्रिड इंजिन. दोन्ही एकत्र नाहीच. इनोव्हा हायक्रॉसचंही तेच, हायब्रिड आहे पण पुढची चाकं. मनालीला अटल बोगद्याच्या पलीकडे सिस्सूला बर्फ पडला की प्रशासन बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर सोडतं, आणि तिथं जे घसरतात ते बहुतेक फोर बाय फोरवालेच, कारण गुळगुळीत झालेल्या उन्हाळी टायरवर आलेले असतात. इकडे विंटर टायर सहज मिळत नाहीत, तुमच्याकडे दुकानात मिळतात आणि तरी लोक गाडीवर भांडतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

रानवारा
टायरवरच आलोय तर नीट बोलू, कारण कायदाही तिथंच आहे. आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शन लॉ, म्हणजे बर्फात पकड राहील अशा गाडी-टायरची सक्ती, कायम लागू असतो. ऑल-व्हील आहे म्हणून सुटलो असं नाही, टायरची नक्षी ३/१६ इंच म्हणजे पावणेपाच मिलिमीटर खोल उरलेली लागतेच. नसेल तर दंड १३० डॉलरच्या वर आणि तुमच्यामुळे रस्ता अडला तर ६५० च्या वर. नवीन गाडीबरोबर येणारे ऑल-सीझन टायर दोन-तीन वर्षांत त्या मापाला येतात आणि लोकांना पत्ताही नसतो.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलंय यावर जाऊ नका, तो फक्त नक्षीचा प्रकार आहे, चाचणी नाही. तीन शिखरं आणि मधे हिमकण असं चिन्ह शोधा. तेही चिन्ह बर्फावर पुढे जाण्याच्या पकडीची चाचणी झाल्यावर मिळतं, बर्फावर थांबण्याची नाही, म्हणून ते असलं तरी ऑल-वेदर टायर आणि ब्लिझॅक किंवा हक्कापेलिट्टासारखा खरा विंटर टायर यात फरक राहतोच. खऱ्याचं रबर थंडीत मऊ राहतं, बाकीचं ७ सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. चारही बदला. फक्त पुढचे दोन बदलले तर ब्रेक लावल्यावर मागचा भाग पुढं यायला बघतो.

आणि तरीही मी शाफ्टवालीच घेईन. टायर सारखेच असतील तर पार्किंगमधून आणि गल्लीतून निघताना फरक पडतो.

घाटमाथा
आणि गल्ली नसेल तर? माझं गॅरेज सपाट रस्त्यावर आहे, रिसॉर्टच्या पार्किंगसाठी फावडं डिकीत टाकतो, ते पटलं. थंडगार यांचा हिशोब बरोबर, मी आता हिवाळ्याचे पाच महिने ३० धरून परत आकडे मांडले, तरी बाकीच्या सात महिन्यांवर रॅव्ह-फोर पुढंच येते. निळं_आकाश, टर्बो माझ्या कामाची नाही.

एकच गोष्ट राहिली. २०२६ च्या मॉडेलपासून रॅव्ह-फोर इथं हायब्रिड आणि प्लग-इन (बाहेरून चार्ज करायची हायब्रिड) एवढीच मिळते, ऑल-व्हील हायब्रिडची एकूण ताकद २३६ हॉर्सपॉवर सांगतात, आधी २१९ होती. नवीनसाठी थांबावं की जुन्या मॉडेलची एखादी चांगली वापरलेली बघावी? आणि पंपावर इथं सगळ्यात स्वस्त ८५ ऑक्टेनचं पेट्रोल असतं, ते चालतं का?

कपबशी
८५ नको, मॅन्युअलमध्ये ८७ लिहिलंय तर ८७ च घाला. ८५ ही पद्धत जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांच्या काळातली, उंचीवर त्यांना चालून जायचं. आताचं इंजिन ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन सांभाळून घेतं पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही जातं, आणि चढावर तेच तर हवंय. वापरलेली घ्यायची तर जिथं रस्त्यावर मीठ आणि मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात तिथली गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा, मागच्या मोटरला जाणाऱ्या जाड केबलचा कनेक्टर गंजलाय का ते खास बघा. शाफ्टवालीला ही केबलच नसते, एवढा गुण रानवारांना द्यायला हवा.

रानवारा
दिलात तर घेतो. घाटमाथा, बुकिंगच्या आधी दोन्ही गाड्या सिल्व्हरथॉर्नपर्यंत नेऊन आणा, डीलर तयार नसेल तर दोन दिवसांसाठी भाड्यानं घ्या. परत येताना चढावर मुद्दाम मागे पोरांना बसवा आणि डिकी भरा. मग ठरवा. आणि टायरची ऑर्डर सप्टेंबरमध्येच द्या, पहिला बर्फ पडल्यावर दुकानात तुमच्या मापाचे उरत नाहीत.